मानाचे तांदूळ

पाण्याला आधण येऊन बराच वेळ झाला होता आणि तांदूळ कोणाचे घालायचे ते ठरत नव्हतं.

मालननं गॅस बारीक केला, हंडीत आणखी पेलाभर पाणी ओतलं आणि पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीत आली. देवासमोर पाटावर दोन पिशव्या होत्या. एक सिद्धेशची, तिच्या नातवाची. दुसरी राजेशची, तिच्या पुतण्याची, आणि ती आणायला त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. मुलुंडहून चारकोपला येताना माणूस पेढे आणतो, फुलं आणतो, निदान रिकाम्या हातानं येऊन लाजतो तरी. हा तांदूळ घेऊन आला होता, आणि तेही बासमती. देवाला बिर्याणी घालायची होती की काय कोण जाणे.

परबांच्या घरची रीत साधी होती. देवदिवाळीला देवाचा भात शिजायचा तो गाऱ्हाणं घालणाऱ्या पुरुषानं स्वतःच्या कमाईतून आणलेल्या तांदळाचा. हंडीला हात लावायचा तो घरातल्या थोरल्या सुनेनं. आणि जुगाराचा पैसा असो की जुगाराला लागलेला हात असो, दोन्ही हंडीपासून लांब. ही शेवटची अट मालनच्या सासूनं घातली होती, आणि ती मालनच्या नवऱ्यापायी. लालबागच्या चाळीत एका देवदिवाळीला अण्णांनी मटक्याच्या पैशांचे तांदूळ आणले. म्हातारीला ते भात उतरल्यावर कळलं. तिनं हंडी उचलली, चाळीच्या मागच्या गटारावर नेऊन पालथी केली आणि गाऱ्हाण्याचा मान थोरल्या अण्णांकडून काढून धाकट्या नानांना दिला. पुढे गिरणी गेली, अण्णा गेले, चाळही गेली; मान तेवढा नानांकडे राहिला. मालनचा मुलगा जयवंत, सिद्धेशचा बाप, हाताशी आला तेव्हा नाना धडधाकट होते, आणि नाना थकले तेव्हा जयवंत राहिला नव्हता. आता नानांचा आवाज बसला होता. यंदा मान थोरल्या घरात परत यायचा होता, सिद्धेशकडे. या एका सकाळसाठी मालन इतकी वर्षं दर देवदिवाळीला दुसऱ्याच्या मानाचा भात शिजवत आली होती.

आणि नेमका आज नानांच्या या दिवट्याला धर्म आठवला.

"काकी, रागावू नका," राजेश सोफ्यावर पुढे सरकून म्हणाला. "माझं एवढंच म्हणणं, रीत म्हणजे रीत. सिद्धेश काय काम करतो ते घरात सगळ्यांना कळायला नको?"

"नोकरी करतो. तुझ्यासारखीच," मालन म्हणाली. "फरक इतकाच की त्याला आज सुटी मागावी लागली. तू नसलास तर ऑफिसात कोणी विचारत नाही."

राजेशची बायको सुनंदा हसू लपवायला देवाकडे बघू लागली.

"हसू नकोस गं! आपल्या समोरच्या विंगमधल्या त्या बाई घरी येऊन रडल्या ना, तुझ्यासमोर? त्यांच्या मुलानं आईच्या मोबाइलवर गेममध्ये पेट्या उघडल्या. नशिबाची पेटी म्हणे. एक उघडली, दुसरी उघडली, बाईंची भिशी सगळी त्यात गेली. आणि गेम कुठला, बघतो तर आपल्याच घरचा, या सिद्धेशच्या कंपनीचा! नाना, तुम्हीच सांगा, पैसे टाकायचे आणि आत काय निघेल ते माहीत नाही. याला काय म्हणतात?"

नाना खुर्चीत बसून होते. कानाचं यंत्र त्यांनी बोटानं सरळ केलं. "बायको म्हणतत," ते म्हणाले.

सगळे हसले. राजेश सोडून.

सिद्धेश मात्र हसता हसता सावध झाला होता. ऑफिसात साहेबांना समजावताना वापरायचा तोच मऊ आवाज त्यानं काढला. "काका, शांतपणे ऐका. जुगारात तुम्ही पैसे लावता आणि पैसे जिंकता. आमच्याकडे कोणी पैसे जिंकतच नाही. शीड मिळतं, जाळं मिळतं, होडीला रंग मिळतो. पेटीतून काहीतरी निघतंच, रिकामी पेटी नसते. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर सरकारनं बंदी आणली ना? ते सगळे बंद झाले. आम्ही चालू आहोत. समजा काय ते."

"वा! म्हणजे मटकेवाला तरी बरा. तो कधीमधी पैसे द्यायचा. तुम्ही तेही देत नाही!"

"आणि तुम्ही करता ते काय?" ऋता म्हणाली. सिद्धेशची बायको आतापर्यंत भिंतीला टेकून नारळ सोलत बसली होती. मालाडला दातांच्या दवाखान्यात कामाला होती. एरवी माणसाचं तोंड उघडायला लावायची, स्वतःचं क्वचित उघडायची. "दर गुरुवारी फोन उपडा ठेवून बसता ना काका? काकूच सांगत होत्या. शेअर बाजारातलं ते ऑप्शन का काय."

"ऋता, तो अभ्यास असतो. चार्ट बघावे लागतात."

"अण्णाही अभ्यास करायचे," मालन म्हणाली. "स्वप्नात साप आला की एक आकडा, मेलेला माणूस आला की दुसरा. सासरे स्वप्नात आले की मोठा खेळ. जिवंतपणी बापाला पाणी विचारलं नाही, मेल्यावर आकडा विचारत होते."

मालनला जुगारी माणसाची कीव कधीच आली नाही. तिला त्यांचं हसू यायचं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. अण्णा रोज हुकायचे. जिन्यावरूनच सांगत यायचे, "एका आकड्यानं हुकला गं!" जणू हुकणं हीच कमाई. ती पोळी लाटता लाटता म्हणायची, "मग तुम्हाला एका आकड्याचे पैसे तरी देतात का हो?" अक्कल असलेला माणूस एकदा फसेल, दोनदा फसणार नाही, असं तिचं ठाम मत होतं. दोनदा फसतो तो बैल. बैलाला निदान नांगर तरी ओढता येतो.

आणि सिद्धेश बैल नव्हता. तिनं वाढवलेला होता.

"आजी, तूच सांग," सिद्धेश म्हणाला, "ही आपण बसलोय ती जागा कशी मिळाली? म्हाडाच्या लॉटरीत. तेव्हा तूच चाळभर साखर वाटलीस. लॉटरी चालते आणि माझी पेटी चालत नाही?"

हे राजेशला सुचलं नव्हतं. पण मालनला आपल्याच माणसाचा लंगडा मुद्दाही सहन होत नसे.

"लॉटरी लागली नसती तर भरलेले पैसे परत आले असते रे. तुझी पेटी परत देते का? उगाच काहीतरी बोलू नकोस. दुसरं काहीतरी सांग."

"काकी बरोब्बर बोलल्या!" राजेश टाळी वाजवून म्हणाला.

"तू गप. तुला नाही बोलले."

नानांनी हात वर केला. "वैनी, भांडान नको. देवासमोर दोन चिठये टाका. सुनंदा उचलात. सिद्धेशचो निघालो तर तेचो, राजेशचो निघालो तर तेचो."

"धन्य आहे भावजी! जुगार आहे की नाही ते ठरवायला चिठ्ठ्या टाकायच्या? मग अण्णांनाच बोलवायला हवं होतं. त्यांनी आकडाही सांगितला असता."

सुनंदाला आता हसू आवरेना. राजेश तिच्याकडे रागानं बघत होता. या बाईला इथे आणलं ते आपल्या बाजूनं मान हलवायला, आणि ही काकींच्या प्रत्येक वाक्याला फुटाण्यासारखी उडतेय!

"आजी," सिद्धेश तिच्याजवळ येऊन बसला. "तू एकदा बघ तरी. न बघताच सगळे बोलताहेत. बघ, आणि मग तू म्हणशील ते. तू म्हणालीस जुगार, तर मी माझे तांदूळ उचलतो. काका, तुम्हाला चालेल?"

राजेशनं विचार केला. मटक्यानं जिचा संसार खाल्ला ती म्हातारी काय म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. "चालेल. काकींचा शब्द शेवटचा."

सिद्धेशनं फोन तिच्या हातात दिला. मालननं तो पापड भाजताना चिमटा धरावा तसा लांब धरला. पडद्यावर समुद्र होता. आणि समुद्रात गलबत होतं. उगाच काढलेली होडी नव्हे, खरं गलबत, पुढे नाळेला रंगीत पट्टा, मागे कंदील टांगलेला. किनाऱ्यावर सुरूची झाडं आणि कौलारू बंदर.

"हे आचऱ्याचं," मालन म्हणाली. तिचं माहेर आचऱ्याचं.

"तू सांगितलंस तसंच काढलं. तुझ्या बाबांचं गलबत. ऑफिसात मी त्याला 'आजीचं गलबत' म्हणतो."

मालननं चष्मा लावला. राजेशच्या ते लक्षात आलं आणि त्याला प्रथमच धास्ती वाटली.

"आता ती पेटी आहे ना, तिच्यावर अंगठा ठेव. पहिल्या तीन फुकट असतात."

पेटी उघडली. आतून एकामागून एक वस्तू झरझर जाऊ लागल्या: दोर, वल्हं, जाळं, कंदील, शंख, आणि मध्येच झगझगीत सोन्याचं सुकाणू. फिरता फिरता त्या मंदावल्या. जाळं गेलं. कंदील गेला. सुकाणू आलं, अगदी मधोमध आलं, थांबल्यासारखं झालं, आणि हळूच पुढे घसरलं. मागून दोर येऊन बसला.

"हुकलं गं बाई!" सुनंदा ओरडली. ती कधी उठून मागे आली होती ते कोणालाच कळलं नव्हतं.

"दोर मिळाला ना," सिद्धेश म्हणाला. "दोरही लागतो."

"दोर काय करायचाय? ते सुकाणू आलं होतं की!" मालन म्हणाली आणि सांगण्याची वाट न बघता तिनं पुन्हा अंगठा ठेवला.

दुसऱ्या खेपेला सुकाणू आलंच नाही, शंख आला. "छ्या!" राजेश म्हणाला. तोही सोफ्यावरून उठला होता. "काकी, तुम्ही जोरात दाबता. हलकेच दाबा."

"तुला फार कळतं. चार्ट बघतोस का यातही?"

तिसऱ्यांदा मालननं आधी डोळे मिटले. अंगठा ठेवला. नानासुद्धा खुर्चीतून वाकले, त्यांना काही दिसत नव्हतं तरी. वस्तू फिरल्या, मंदावल्या. शंख, वल्हं, कंदील. सुकाणू! ते आलं, टेकलं, जागच्या जागी थरथरलं.

"थांब, थांब, थांब," राजेश पुटपुटला.

घसरलं. जाळं.

"अरे काय यार!" राजेशनं स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "केसाएवढं राहिलं हो काकी! आणखी एकदा. आता पडणारच."

पडद्यावर नवी पेटी आली. हिच्यावर कुलूप होतं आणि खाली किंमत. किंमत बारीक अक्षरात होती, पेटी मोठी.

"दाब की रे ते," मालन नातवाला म्हणाली. तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "किती असणार असं? भर. आता यायलाच झालंय ते."

सिद्धेश हसला. त्यानं काकांकडे बघितलं, जिंकल्यासारखं. मग कार्ड काढायला खिशाकडे हात नेला.

"आजी," दारातून ऋताचा आवाज आला. "हंडी."

वास सगळ्यांना एकदमच आला. मालन उठली ती फोन हातात घेऊनच उठली. स्वयंपाकघरात धूर नव्हता, फक्त तापलेल्या पितळेचा उग्र दर्प होता. ऋतानं गॅस बंद केला होता. आधण कधीच आटून गेलं होतं, आणि कोरडी हंडी ज्योतीवर तापत राहिली होती. आतली कल्हई वितळून बुडाशी गोळा झाली होती, कडा काळ्यानिळ्या पडल्या होत्या. सासूनं गटारावर पालथी केली ती हीच हंडी. तेव्हा तिला पोचाही आला नव्हता.

दारात सगळे येऊन थांबले. घरातली पाच शहाणी माणसं एका दोराकडे आणि जाळ्याकडे तोंड वासून बघत होती आणि देवाचं पाणी आटत होतं, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

मालननं फोनकडे बघितलं. कुलूप लावलेली पेटी अजून तिथेच होती, हळूहळू डोलत. मधून मधून तिच्या फटीतून सोनेरी उजेड डोकावत होता.

"सिद्धेश, ते सुकाणू थांबतं आणि मग घसरतं. ते आपोआप होतं?"

सिद्धेशला खोटं बोलता आलं असतं. पण हा प्रश्न त्याला आजवर घरात कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर तो ऑफिसात अभिमानानं द्यायचा. अर्धा अभिमान बाहेर आला, अर्धा घशात राहिला.

"नाही. ते मी बसवतो. काय निघणार ते तू अंगठा ठेवतेस तेव्हाच ठरतं. बाकी फिरणं, थांबणं, ते... दाखवायचं असतं. अगदी जवळ येऊन गेलं तर लोक पुन्हा उघडतात. लांबून गेलं तर बंद करतात."

"म्हणजे हुकतं ते तू हुकवतोस."

"आजी, सगळेच करतात."

"अण्णांना निदान त्यांच्या नशिबानं हुकवलं." मालननं फोन ओट्यावर ठेवला. "या पेट्या उघडणाऱ्यांना माझा नातू हुकवतो. पगार घेऊन."

ऋतानं मान खाली घातली. राजेशनं मात्र एकदा घसा साफ केला आणि मागे वळून पाटावरची आपली पिशवी उचलली. "दुसऱ्या भांड्यात करता येईल ना काकी? स्टीलचा टोप आहे की. माझे तांदूळ..."

"खाली ठेवा ते," सुनंदा म्हणाली.

"अगं, पण..."

"खाली ठेवा म्हणते ना! थांब थांब थांब कोण करत होतं? दर गुरुवारी घरी ऐकते मी तेच. आणखी एकदा, आता पडणारच. माझ्या अंगठ्या कुठे आहेत ते विचारू का सगळ्यांसमोर?"

राजेशनं पिशवी ठेवली. पिशवीही जरा ओशाळल्यासारखी कलंडली.

मालन सुनंदाकडे बघत राहिली. इतकी वर्षं हिला ती मुलुंडची बाहुली म्हणत आली होती. मग तिनं खांद्यावरचं ओलं फडकं काढलं आणि सुनंदाच्या हातात दिलं. "हंडीला आजपासून तुझा हात. माझा लागायचा नाही."

"काकी! तुम्ही काय केलंत? ते तर फुकटचं होतं..."

"चौथं फुकट नव्हतं. चौथं मी मागितलं." ती सिद्धेशकडे वळली. "तू मला विचारलंस ना, जुगार की नाही? कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचार. मी जन्मभर त्या माणसाला बैल म्हणाले. मला तीन पेट्या पुरल्या."

सिद्धेशचा चेहरा लाल झाला. "आणि रोज काय खातेस मग? या घरात तांदूळ कोण आणतो? रोज माझा पैसा चालतो आणि देवाला चालत नाही? हा कुठला न्याय?"

हे तो बोलायला नको होता, पण खरं तेच बोलला. राजेशनंही खाली बघितलं.

"खाते," मालन म्हणाली. "अण्णांनी आणलेलंही खाल्लं. रात्री भांडले आणि सकाळी खाल्लं. उद्या तुझंही खाईन. मी देव नाही रे, मला भूक लागते. पण तुझी पिशवी मी त्याच्यासमोर ठेवणार नाही. या मानासाठी मी किती वाट बघितली ते तुला ठाऊक आहे. तरी उचल."

सिद्धेश उभाच राहिला. मग बाहेर जाऊन त्यानं पिशवी उचलली आणि काय करावं ते न कळून छातीशी धरली, दुकानातल्या गर्दीत धरतात तशी. ऋतानं ती त्याच्या हातून घेतली नाही.

त्या वर्षी परबांच्या देवाला भात मिळाला नाही. सुनंदानं नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, गुळाचा खडा ठेवला. हंडी तशीच काळी पाटाजवळ आणून ठेवायला मालननं लावली. देवालाही कळू दे. मान पुन्हा नानांकडेच आला, कारण दुसरीकडे जायला त्याला जागा राहिली नव्हती. नाना काठी टेकत देवासमोर उभे राहिले. आवाज फाटलेला, पण शब्द शाबूत होते.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाशी ही परबांची लेकरा गोळा झाली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या हातसून कळत-नकळत काय चुकला-माकला असात, ता पदरात घे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तेंका सुबुद्धी दी रे म्हाराजा..."

आतल्या खोलीत ओट्यावर फोन वाजला. छान, मंजूळ वाजला. देवळातली बारकी घंटा वाजावी तसा. सिद्धेशनंच निवडला होता तो आवाज. पेटी पुन्हा तयार झाल्याची वर्दी होती ती.

नाना थांबले. "काय वाजला?"

राजेशची मान आतल्या खोलीकडे वळली होती. सुनंदाचीही. जोडलेल्या हातांच्या आत मालनचा अंगठा एकदा हलला. तिला ते कळलं, आणि तिनं दुसऱ्या हातानं तो घट्ट दाबून धरला.

"काही नाही भावजी," ती म्हणाली. "हुकलेलं बोलावतंय. तुम्ही चालू द्या."

नानांनी गाऱ्हाणं पुढे चालू केलं. पुढच्या 'व्हय म्हाराजा'त सिद्धेशचा आवाज नव्हता. मालनचा होता, नेहमीपेक्षा मोठा, आत वाजणारं ऐकू येऊ नये इतका मोठा.